मास्टोडॉन-ब्लूस्कायवर गटाचं एकच खातं: किल्ली कोणाकडे ठेवायची, हात किती लावायचे?

टिपणवही

वाचनालय, गिर्यारोहण मंडळ, पक्षीनिरीक्षकांचा गट, सोसायटी. यांचं एक खातं काढायचं आणि चार-सहा जणांनी मिळून चालवायचं, हा विषय वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी येत राहतो. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. मास्टोडॉन आणि ब्लूस्काय ही ट्विटरसारखी समाजमाध्यमं. मास्टोडॉन अनेक स्वतंत्र सर्व्हरवर पसरलेलं आहे, आपलं खातं त्यांतल्या एकावर असतं. मी मास्टोडॉनपासून सुरुवात करतो, बाकीच्या जाळ्यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

फेसबुकच्या पेजवर एकाला पूर्ण ताबा, दुसऱ्याला ठरावीक कामांपुरते अधिकार देता येतात. मास्टोडॉनमध्ये तशी वाटणी नाही. एक खातं म्हणजे एक ईमेल, एक पासवर्ड. पासवर्ड ज्याच्या हाती, तो खातं कायमचं पुसू शकतो, आणि पुसलेलं नाव त्या सर्व्हरवर पुन्हा कोणालाही मिळत नाही. त्यामुळे "सगळ्यांना पासवर्ड देऊन टाकू" ही सर्वांत सोपी वाटणारी वाट सर्वांत महागात पडते.

पासवर्ड न देताही लिहिण्याचा अधिकार देता येतो. फोनमधलं अ‍ॅप मास्टोडॉनशी जोडलं की त्याला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी परवानगीची चिठ्ठी, मिळतं. त्या टोकनवर पोस्ट टाकता येते, उत्तर देता येतं, बूस्ट करता येतं (म्हणजे दुसऱ्याची पोस्ट आपल्या फॉलोअरना पुढे पाठवता येते). पासवर्ड बदलणं, ईमेल बदलणं, खातं हलवणं किंवा पुसणं यांतलं काहीही त्या टोकनवर होत नाही. ती कामं फक्त ब्राउझरमधून लॉगिन करूनच होतात. म्हणजे पद्धत अशी:

१. पासवर्ड आणि दुहेरी ओळख (पासवर्डनंतर मागितला जाणारा फोनवरचा कोड) दोघांकडेच ठेवा, हे दोघे किल्लीवाले. एकाकडे नको, पाचांकडेही नको.

२. नव्या सदस्याच्या फोनवर अ‍ॅप उघडा, सर्व्हरचं नाव घाला. लॉगिनचं पान आलं की किल्लीवाल्याने स्वतः पासवर्ड आणि सहा अंकी कोड भरून परवानगी द्यावी. "पासवर्ड लक्षात ठेवू का" या प्रश्नाला नाही म्हणावं.

३. इथेच बहुतेकांचं चुकतं. लॉगिनचं पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं असतं. अ‍ॅप जोडून झालं तरी त्या ब्राउझरमध्ये खातं लॉगिनच राहतं. ब्राउझर उघडून सर्व्हरच्या पत्त्यावर जा आणि लॉगआउट करा. हे राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया.

४. प्रत्येकाला वेगळं अ‍ॅप द्या: टस्की, फेडिलॅब, आइस क्यूब्स, फॅनपी, एल्क. कारण खात्याच्या सेटिंगमधल्या "ऑथराइज्ड अ‍ॅप्स" या यादीत अ‍ॅपचं नाव दिसतं, माणसाचं नाही. तीन जण टस्की वापरत असतील तर नेमकी कोणाची परवानगी काढायची ते कळत नाही. कोणतं अ‍ॅप कोणाकडे, कधी जोडलं, याची नोंद वहीत ठेवा.

माणूस गट सोडून गेला की त्याच यादीत त्याच्या अ‍ॅपपुढे रिव्होक दाबा. पासवर्ड बदलला म्हणजे जुनी अ‍ॅप्स आपोआप सुटली असं धरून चालू नका, यादी डोळ्यांनी तपासा. शिवाय सेशन्सच्या यादीत कोणता ब्राउझर, कोणता आयपी पत्ता, शेवटचा वापर कधी, हे दिसतं. महिन्यातून एकदा तीही चाळा.

दुहेरी ओळख चालू करताना मिळणारे १० राखीव कोड कागदावर छापून संस्थेच्या कपाटात ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. दुहेरी ओळख जोडताना पडद्यावर येणारा क्यूआर दोन्ही किल्लीवाल्यांनी पहिल्याच वेळी आपापल्या फोनवर स्कॅन केला तर दोघांकडे सारखेच सहा अंकी कोड उमटतात. नंतर तो क्यूआर पुन्हा दिसत नाही, सगळं नव्याने जोडावं लागतं.

सह्यकडा

उत्तम सुरुवात. मी ईमेल आणि डोमेनवर लिहितो, कारण भांडण झालं की खातं कोणाचं याचा निकाल तिथेच लागतो.

"पासवर्ड विसरलो" दाबल्यावर दुवा ईमेलवर जातो. ते ईमेल सचिवांचं खासगी जीमेल असेल तर खातं सचिवांचं, मग कार्यकारिणी काहीही ठरवो. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर एक पत्ता काढा आणि तो दोघा-तिघांकडे पुढे पाठवला जाईल असं करा. दुहेरी ओळख चालू नसेल तर अनोळखी जागेवरून लॉगिन करताना मास्टोडॉन ईमेलवर कोड पाठवून पडताळणी मागू शकतं. मेलबॉक्स एकाच्याच फोनवर असला की बाकीचे ताटकळतात.

डोमेन घेताना मालकाच्या रकान्यात संस्थेचं नाव घाला, ज्याने कार्ड वापरलं त्याचं नको. आणि कार्डावरच्या आपोआप नूतनीकरणावर अजिबात विसंबू नका. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले तेव्हापासून परदेशी कंपन्यांची आपोआप वजावट भारतीय कार्डावर बऱ्याचदा नाकारली जाते. नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर येते जे कोणी उघडत नाही, आणि डोमेन जातं. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत "डोमेनची मुदत" हा एक मुद्दा कायमचा ठेवा.

डोमेनचा शेवटचा भाग कोणत्या देशाचा आहे तेही बघा. क्वीअर डॉट एएफ हा मास्टोडॉन सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद पडला तो यंत्रात बिघाड होऊन नव्हे. डोमेनच्या शेवटचं एएफ हे अफगाणिस्तानचं, तिथल्या तालिबान सरकारने डोमेनच काढून घेतलं. नाव छान दिसतं म्हणून दूरच्या देशाचा भाग निवडू नये.

शाईपेन

रोजच्या कामातल्या गोष्टी. यांत तांत्रिक काही नाही, पण खाती बंद पडतात ती यांच्यामुळेच.

पहिली, चुकीच्या खात्यावरून पोस्ट. एकाच अ‍ॅपमध्ये खासगी आणि गटाचं अशी दोन खाती ठेवली की आज ना उद्या क्रिकेटवरचं मत वाचनालयाच्या नावाने जातं. खासगीसाठी एक अ‍ॅप, गटासाठी दुसरं. संगणकावर फायरफॉक्सचे कंटेनर किंवा स्वतंत्र ब्राउझर प्रोफाइल वापरा, त्याला वेगळा रंग द्या.

दुसरी, कोणी लिहिलं ते कळणं. पोस्टच्या शेवटी आद्याक्षरं घाला, उदाहरणार्थ "- सुक". कोणती आद्याक्षरं कोणाची हे परिचयात द्या. परिचयाला ५०० अक्षरं आणि खाली चार रकाने मिळतात. त्यातल्या एका रकान्यात "चालवणारे" असं लिहून नावं द्यावीत.

तिसरी सर्वांत जास्त छळते. सूचना एकाने वाचल्या की दुसऱ्याला त्या नव्या म्हणून दिसतीलच असं नाही. परिणाम ठरलेला: एका प्रश्नाला दोन उत्तरं, दुसऱ्याला एकही नाही. यावर सोपा उपाय बुकमार्कचा आहे. उत्तर द्यायचं राहिलेल्या प्रत्येक उल्लेखाला बुकमार्क करायचं, उत्तर दिलं की बुकमार्क काढायचं. बुकमार्क फक्त खात्याला दिसतात, समोरच्याला कळत नाहीत. बुकमार्कची यादी म्हणजे राहिलेल्या कामांची यादी. यासाठी फेव्हरिट वापरू नका, ते समोरच्याला कळतं आणि "आवडलं पण उत्तर नाही" असा अर्थ निघतो.

चौथी, ब्लॉक. एकाने कोणाला ब्लॉक केलं की ते सगळ्यांसाठी होतं आणि सहा महिन्यांनी कारण कोणालाच आठवत नाही. मास्टोडॉनमध्ये दुसऱ्याच्या प्रोफाइलवर खासगी टीप लिहिता येते. तारीख आणि एका ओळीत कारण तिथेच लिहा.

पाचवी, खासगी उल्लेख. गटाच्या खात्याला आलेला खासगी संदेश सगळे चालक वाचतात, हे परिचयात ठळक लिहा. एखादी व्यक्ती आपली अडचण एका माणसाला सांगतोय अशा समजुतीने लिहिते. तिला अंधारात ठेवणं योग्य नाही.

कोनाडा

टिपणवही, पद्धत नीट मांडली आहे, पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. जिथे अधिकारांची वाटणीच नाही तिथे ती जुगाडाने का आणायची? वेबसाइट चालवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये ती वर्षानुवर्षं आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचं प्लगइन मत्थियास फेफर्ले यांनी लिहिलं, २०२३ मध्ये ते ऑटोमॅटिक कंपनीने घेतलं. ते बसवलं की तुमची वेबसाइटच एक खातं होते, आणि मास्टोडॉनवरचा कोणीही तिला फॉलो करू शकतो.

सेटिंगमध्ये तीन पर्याय येतात: फक्त लेखकांची प्रोफाइल, फक्त ब्लॉगचं प्रोफाइल, किंवा दोन्ही. गटासाठी मधला निवडा. मग कोणीही लिहो, पोस्ट संस्थेच्या नावाने जाते. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. नवख्याला "कॉन्ट्रिब्यूटर" करा: तो मसुदा लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही, आणि त्याला चित्रंही चढवता येत नाहीत. रुळलेल्याला "ऑथर", तपासणाऱ्याला "एडिटर". माणूस गेला की त्याचं लॉगिन काढा, बाकी कोणाला काही बदलावं लागत नाही.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो, कारण "बसवलं पण शोधल्यावर सापडत नाही" ही तक्रार नेहमीची.

पर्मालिंक (लेखांच्या पत्त्यांची रचना) "प्लेन" ठेवली असेल तर चालत नाही, दुसरा कोणताही प्रकार निवडा. वर्डप्रेस डोमेनच्या मुळाशी नसून ब्लॉग नावाच्या उपफोल्डरमध्ये असेल तर खातं सापडत नाही. कारण मास्टोडॉन वेबफिंगरची (नावावरून खातं शोधण्याची) चौकशी डोमेनच्या मुळाशी, वेल-नोन या फोल्डरात करतं. तिथून वर्डप्रेसकडे वळवण्याची ओळ सर्व्हरवर घालावी लागते. सुरक्षेची काही प्लगइन्स वर्डप्रेसचा जेसन (यंत्रांना वाचायच्या माहितीचा) मार्गच बंद करतात, तो उघडा ठेवा.

सगळ्यांत फसवी अडचण कॅशची, म्हणजे वेगासाठी साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रतींची. एकाच पत्त्यावर ब्राउझरला एचटीएमएल आणि मास्टोडॉनला जेसन द्यायचं असतं. कॅश प्लगइनला हा फरक कळला नाही तर ते एकाचं उत्तर दुसऱ्याला देतं. वाचकाला पानाऐवजी कंसांचा गुंता दिसतो, किंवा मास्टोडॉनला पोस्ट मिळतच नाही. कधी चालतं, कधी नाही, असं झालं की आधी कॅश बंद करून बघा. ते कारण निघालं तर, मागणाऱ्याला कोणता प्रकार हवा ते सांगणाऱ्या अ‍ॅक्सेप्ट हेडरनुसार वेगळी प्रत ठेवण्याची सोय असलेलं कॅश घ्या.

जुने लेख फॉलोअरकडे आपोआप जात नाहीत, प्लगइन चालू केल्यानंतरचे जातात. मास्टोडॉनवरून आलेली उत्तरं लेखाखाली प्रतिक्रिया म्हणून येतात.

टिपणवही

कोनाडा, घोषणा आणि लेख यांसाठी पूर्ण सहमत. व्याख्यानमाला, पुस्तक परिचय, पाणवठ्यावरच्या नोंदी, सगळ्याला वर्डप्रेस चांगलं. पण गटाला दुसऱ्यांच्या पोस्ट वाचायच्या, बूस्ट करायच्या, संभाषणात पडायचं असेल तर त्या कामाला खरं मास्टोडॉन खातंच सोयीचं. दोन्ही ठेवायची तर मास्टोडॉनवरून वेबसाइटच्या खात्याच्या पोस्ट बूस्ट करा, तोच मजकूर पुन्हा लिहू नका. नाहीतर उत्तरं दोन ठिकाणी फुटतात.

फडताळ

अधिकारांची वाटणी खुद्द फेडिव्हर्समध्येही (मास्टोडॉनशी जोडलेल्या जाळ्यांमध्ये) आहे, फक्त मास्टोडॉनमध्ये नाही. फ्रेंडिका हे त्यातलं एक जाळं २०१० पासून आहे आणि त्यात "डेलिगेशन" आहे. संस्थेचं खातं काढायचं आणि त्याच सर्व्हरवरच्या सदस्यांच्या खात्यांना ते चालवण्याचा अधिकार द्यायचा. सदस्य आपल्याच पासवर्डने आत येतो आणि खातं बदलून संस्थेच्या नावाने लिहितो. खात्याची मूळ सेटिंग्ज सोडून बाकी सगळं त्याला करता येतं. अट एकच, सदस्यांची खाती त्याच सर्व्हरवर हवीत.

फ्रेंडिकात खात्याचा प्रकारही निवडता येतो. "कम्युनिटी" प्रकार निवडला की सदस्याने त्या खात्याचा उल्लेख करून लिहिलेली पोस्ट खातं आपोआप सगळ्यांना पुढे पाठवतं. मास्टोडॉनवाले नेहमीचं ॲटचं चिन्ह वापरून त्यात लिहू शकतात. इंटरफेस जुन्या वळणाचा आहे, सवय व्हायला आठवडा जातो. सहा जणांनी एक खातं चालवायचं असेल तर माझ्या मते हेच सर्वांत स्वच्छ उत्तर.

पाणवठा

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाची गरज जरा उलटी आहे. सहा जणांनी एका आवाजात बोलायचं नाहीये. सत्तर-ऐंशी जणांनी आपापल्या खात्यावरून नोंदी टाकायच्या आणि त्या एका जागी दिसाव्यात. याला काय करावं?

टिपणवही

पाणवठा, हा फरक वरच सांगायला हवा होता. अनेक हात पण एक आवाज असेल तर ते सामायिक खातं. अनेक आवाज आणि एक चावडी असेल तर तो गट, आणि त्याला पासवर्ड वाटायची गरजच पडत नाही. तुम्हाला चावडी हवी आहे. तीन मार्ग आहेत: फडताळ यांनी सांगितलेलं फ्रेंडिकाचं कम्युनिटी खातं, लेमी या फेडिव्हर्समधल्या चर्चामंचावरची कम्युनिटी, किंवा मास्टोडॉनवर बूस्ट करणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम).

लेमीत एका कम्युनिटीला अनेक नियंत्रक नेमता येतात आणि कोणी काय काढलं याची नोंदवही सगळ्यांना उघडी असते. ही पारदर्शकता मला फार मोलाची वाटते. मास्टोडॉनवरून लिहिताना पोस्टमध्ये कम्युनिटीचा पूर्ण पत्ता घालायचा. पोस्टची पहिली ओळ लेमीत शीर्षक होते, म्हणून ती स्वतंत्र ठेवा. "नमस्कार मंडळी" असं सुरू केलंत तर शीर्षक तेच दिसेल. पहिल्या ओळीत "तांबट, पाषाण तलाव, सकाळी ७" असं लिहा.

एक त्रास आधीच सांगून ठेवतो. मास्टोडॉनवरून लेमी कम्युनिटी फॉलो केली की फक्त पोस्टच नव्हे, प्रत्येक प्रतिक्रियासुद्धा बूस्ट होऊन टाइमलाइनवर येते. गट बोलका असेल तर बाकी काही दिसेनासं होतं. ते खातं एका यादीत घाला आणि "या यादीतल्या पोस्ट होमवर दाखवू नका" हा पर्याय निवडा. ही सोय मास्टोडॉन ४.२ पासून आहे.

रहाट

बूस्ट-बॉटबद्दल मी लिहितो.

गटाच्या खात्यात "डेव्हलपमेंट" या पानावर नवं अ‍ॅप्लिकेशन बनवा. परवानग्या मोजक्याच द्या: रीड-नोटिफिकेशन्स, रीड-फॉलोज, राइट-स्टेटसेस. आधीपासून जास्त खुणा केलेल्या असतील तर त्या काढा. पान जपून ठेवलं की टोकन मिळतं. ते बॉटच्या फाइलमध्ये जातं आणि ती फाइल बॉट चालवणाऱ्या वापरकर्त्याशिवाय कोणाला वाचता येऊ नये.

बॉटने दर मिनिटाला नवे उल्लेख मागावेत. मास्टोडॉनची मर्यादा दर ५ मिनिटांना ३०० विनंत्या आहे, आपण तिच्या जवळपासही जात नाही. प्रत्येक उल्लेखावर चार प्रश्न विचारायचे. पोस्ट सार्वजनिक आहे का? ती उत्तर नसून मूळ पोस्ट आहे का? लिहिणाऱ्याला गटाचं खातं फॉलो करतं का? शेवटी, लिहिणाऱ्याच्या परिचयात "नोबॉट" (बॉटने मध्ये पडू नये) असा टॅग तर नाही ना? सगळं ठीक असेल तरच बूस्ट.

तिसरा प्रश्न गाळलात तर आठवडाभरात जाहिरातवाले शिरतात. खात्याचा उल्लेख केला की फुकट प्रसिद्धी मिळते हे त्यांना लगेच कळतं. "गटाने ज्याला फॉलो केलं तो सदस्य" हा नियम ठेवला की सदस्यत्व देणं-काढणं म्हणजे फॉलो-अनफॉलो, वेगळी यादी सांभाळावी लागत नाही.

शेवटच्या हाताळलेल्या सूचनेचा क्रमांक डिस्कवर लिहून ठेवा. तो फक्त मेमरीत असला तर बॉट पुन्हा सुरू झाल्यावर जुनं सगळं नव्याने चाळतो. खात्यावर "स्वयंचलित खातं" ही खूण लावा. आणि सर्व्हरचे नियम वाचा, सगळीकडे बॉट चालत नाहीत. खास बॉटांसाठी असलेला बॉट्सिन डॉट स्पेस हा सर्व्हर २०२४च्या डिसेंबरात थांबला. तिथल्या चालकांना दुसरी घरं शोधावी लागली, म्हणून बॉटचा सर्व्हर बदलता येईल असा पत्ता एकाच ठिकाणी लिहिलेला असू द्या.

जोडाक्षर

मराठी खात्यांसाठी काही खास गोष्टी, ज्या इंग्रजी मार्गदर्शनांत सापडत नाहीत.

मास्टोडॉनवर वापरकर्ता नाव देवनागरीत घेता येत नाही. रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच, आणि ते नंतर बदलता येत नाही. दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं, त्याला ३० अक्षरं.

पोस्टची भाषा. प्रेफरन्सेसमध्ये पोस्टची भाषा मराठी ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. काही अ‍ॅप्स फोनची भाषा उचलतात. फोन इंग्रजीत असेल तर तुमची मराठी पोस्ट इंग्रजी म्हणून नोंदली जाते. ज्यांनी भाषेची गाळणी लावली आहे त्यांना ती दिसत नाही. सहा जणांच्या सहा फोनांवर हे एकेक करून तपासा.

हॅशटॅग. "ताऱ्यांचीओळख" हा टॅग घ्या. यातला "ऱ्या" दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर त्यासाठी नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे एका सदस्याचा टॅग दाबला की दुसऱ्याच्या पोस्ट दिसत नाहीत, आणि काही सॉफ्टवेअरात टॅग त्या अदृश्य चिन्हापाशीच तुटतो. "ॲप"मधल्या ॲचं तेच. गटाचे टॅग एका सामायिक टिपणात एकदाच लिहा आणि सगळ्यांनी तिथूनच उचलून चिकटवा. नवा टॅग ठरवताना ऱ्य, ऱ्ह आणि ॲ टाळता आले तर फारच चांगलं.

अक्षरांची मोजणी. मास्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५००, ब्लूस्कायची ३००. देवनागरीत "एक अक्षर" म्हणजे काय यावर सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. "क्षेत्र" हा शब्द जुन्या नियमाने चार तुकड्यांचा: क्, षे, त्, र. युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला, त्याप्रमाणे तो दोन अक्षरांचा: क्षे आणि त्र. म्हणून एका अ‍ॅपमध्ये बसणारी पोस्ट दुसरीकडे "मर्यादा ओलांडली" म्हणून परत येते. दोन्हीकडे जाणारा मजकूर २५० च्या आत ठेवा, मोजत बसावं लागत नाही. मास्टोडॉनवर कोणताही दुवा कितीही लांब असला तरी २३ अक्षरं धरला जातो.

चित्रांच्या वर्णनाला १५०० अक्षरं मिळतात. ते मराठीत लिहा. कार्यक्रमपत्रिकेचं चित्र टाकलं तर त्यातली तारीख, वेळ आणि जागा वर्णनात यायलाच हवी.

खडूफळा

जोडाक्षर यांचा हॅशटॅगचा मुद्दा फार कामाचा. "दोघांचे टॅग जुळत नाहीत" या कोड्याचं कारण आत्ता कळलं.

वेळ ठरवून पोस्ट टाकण्याबद्दल: मास्टोडॉनच्या वेबपानावर ती सोय नाही, टस्की-फेडिलॅबसारख्या अ‍ॅपमधून आहे. वेळ किमान ५ मिनिटं पुढची हवी, एका दिवसात २५ आणि एकूण ३०० पोस्ट रांगेत ठेवता येतात. स्वतःची स्क्रिप्ट वापरत असाल तर वेळेला +५:३० जोडून पाठवा किंवा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) रूपांतर करा. सकाळी ६ म्हणजे यूटीसी ००:३०, त्याच तारखेचे. पहाटे ५ म्हणजे आदल्या तारखेचे २३:३०. गणेश चतुर्थीची पहाटेची पोस्ट इथेच एक दिवस चुकते. आणि मसुदे त्या-त्या फोनवरच राहतात, दुसऱ्या चालकाला दिसत नाहीत. मसुदे सामायिक हवे असतील तर ते बाहेर, साध्या सामायिक दस्तऐवजात लिहा.

निळाई

ब्लूस्काय. इथेही अधिकारांची वाटणी नाही, पण "अ‍ॅप पासवर्ड" आहेत. सेटिंगमध्ये हवे तितके बनवा, प्रत्येकाला माणसाचं नाव द्या. माणूस गेला की त्याचा तेवढा काढा. अ‍ॅप पासवर्डने मुख्य पासवर्ड किंवा ईमेल बदलता येत नाही, खातं पुसता येत नाही. बनवताना खासगी संदेशांसाठी वेगळी खूण असते, ती न केल्यास संदेश वाचता येत नाहीत. गटासाठी ती न केलेलीच बरी. पोस्ट पुसणं आणि परिचय बदलणं मात्र त्याने होऊ शकतं, हे लक्षात असू द्या.

ब्लूस्कायची खरी ताकद डोमेनमध्ये आहे. संस्थेचं डोमेनच हँडल म्हणून लावता येतं. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) "अंडरस्कोर एटीप्रोटो" नावाची टीएक्सटी नोंद करायची आणि तिच्यात खात्याचा डीआयडी (कायमची ओळखखूण) घालायचा. हीच नोंद उपडोमेनसाठी केली की प्रत्येक सदस्याला संस्थेच्या नावाखाली स्वतःचं हँडल मिळतं. म्हणजे पासवर्ड वाटायचा प्रश्नच मिटतो. प्रत्येक जण स्वतःच्या खात्यावरून लिहितो, हँडलवरून तो संस्थेचा आहे हे दिसतं आणि संस्थेचं खातं फक्त पुनःपोस्ट करतं. सदस्य सोडून गेला की त्याची टीएक्सटी नोंद काढा. त्याचं खातं आणि फॉलोअर त्याच्याकडे राहतात, संस्थेचं नाव जातं. दोघांवरही अन्याय नाही.

सह्यकडा यांच्या डोमेनच्या मुद्द्याला पुरवणी: ब्लूस्कायवर डोमेन गेलं तर हँडल "इनव्हॅलिड" दिसतं, पण खात्याची ओळख डीआयडीत असल्याने फॉलोअर टिकतात, दुसरं हँडल लावता येतं. स्वतःच्या मास्टोडॉन सर्व्हरचं डोमेन गेलं तर खातंच गेलं.

दोन्ही जाळ्यांवर दिसायचं असेल तर दोन खाती चालवण्यापेक्षा ब्रिजी फेड नावाचा पूल वापरा. मास्टोडॉन खात्यावरून पुलाच्या खात्याला फॉलो केलं की तुमच्या पोस्ट ब्लूस्कायवर दिसू लागतात. लांब पोस्ट तिकडे कापली जाते आणि मूळ दुवा लागतो, म्हणून महत्त्वाचं आधी लिहा.

रहाट

नॉस्टर या आणखी एका जाळ्याबद्दल कोणी विचारण्याआधी: तिथे खातं म्हणजेच खासगी किल्ली. ती बदलता येत नाही, रद्द करता येत नाही. सहा जणांना दिली तर सहाही जण कायमचे मालक. गटासाठी वापरायचंच असेल तर किल्ली एका यंत्रावर ठेवून सह्या दूरून करून घेणारी "बंकर" पद्धत वापरा. तीत प्रत्येकाची परवानगी वेगळी काढता येते. किल्ली कोणाला चॅटवर पाठवू नका, एकदाही नाही.

सोनकी

चांगली माहिती. एक प्रश्न: मंडळाचं मास्टोडॉन खातं आधीच एका जुन्या सदस्याच्या ईमेलवर आहे आणि ते आता संपर्कात नाहीत. पासवर्ड कोणाकडेच नाही, पण एका फोनवर अ‍ॅप अजून चालू आहे. काय करता येईल?

टिपणवही

सोनकी, सर्वांत आधी त्या फोनवर अ‍ॅपमधून लॉगआउट करू नका आणि अ‍ॅप काढू नका. ते टोकन गेलं तर आवाजच गेला. फोन बदलणार असाल तर थांबा.

मग त्या अ‍ॅपमधून प्रोफाइल बदला. चारपैकी एका रकान्यात मंडळाच्या वेबसाइटचा पत्ता घाला. वेबसाइटवर खात्याचा दुवा द्या आणि त्या दुव्याला "रेल-मी" हा गुणधर्म लावा. दोन्ही बाजू जुळल्या की प्रोफाइलवर तो पत्ता हिरवा होतो. वेबसाइट आणि खातं एकाच हातात आहे याचा हा पुरावा, सर्व्हरच्या चालकाला तो स्वतः तपासता येतो.

त्यानंतर सर्व्हरच्या "अबाउट" पानावर चालकाचा ईमेल असतो, त्यावर मंडळाच्या डोमेनच्या पत्त्यावरून लिहा. खात्याचं नाव, हिरवा दुवा, आणि विनंती स्पष्ट: खात्याचा ईमेल या पत्त्यावर बदलावा, दुहेरी ओळख चालू असल्यास बंद करावी. चालकाला पासवर्ड दिसत नाही, पण या दोन्ही गोष्टी त्याला करता येतात. त्याने खात्री म्हणून एखादी ठरावीक पोस्ट टाकायला सांगितली तर चालू असलेल्या फोनवरून टाका. जुन्या सदस्याच्या ईमेलवरही एक प्रत पाठवा, त्यांच्या पाठीमागे हे होऊ नये.

ईमेल बदलला की पासवर्ड रीसेट करा, दुहेरी ओळख दोन फोनांवर जोडा, ऑथराइज्ड अ‍ॅप्सची यादी साफ करा आणि लगेच एक्स्पोर्टमधून फॉलो केलेल्यांची सीएसव्ही आणि पोस्टची प्रत मागवा. ती प्रत सात दिवसांतून एकदाच मागता येते.

चालकाने नकार दिला तर नवं खातं काढावं लागेल, आणि फॉलोअर हलवता येणार नाहीत. "मूव्ह" जुन्या खात्यातून, पासवर्ड भरूनच सुरू होतं, टोकनवर होत नाही. मग चालू फोनवरून जुन्या खात्यावर नव्या पत्त्याची पोस्ट टाका, ती वर पिन करा, दिसणाऱ्या नावातच "नवा पत्ता खाली" असं लिहा आणि वेबसाइटवरचा रेल-मी दुवा नव्या खात्याकडे वळवा.

सोनकी

फोन चार्जिंगला लावून अ‍ॅप अपडेट बंद केलं आहे. रकाना भरला, वेबसाइटवाल्या दादांना दुव्याचं सांगितलं. आज रात्रीच चालकांना लिहिते.